व्हिलेजमधल्या गे बारला पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचून घ्या

दर ऑगस्टला जर्सी सिटीत नवीन पोरं येतात, कुणी मास्टर्सला, कुणी नोकरीला, आणि दिवाळीच्या आसपास त्यातला एखादा हळूच मेसेज करतो की दादा ते स्टोनवॉल वगैरे नक्की कुठंय, आत जाता येतं का, एकट्यानं गेलं तर चालतं का. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. स्टोनवॉल म्हणजे न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेज भागातला गे बार, जिथं १९६९ मध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध दंगल झाली. यात थोडा इतिहासही येणार, त्याला इलाज नाही, कारण या भागात बार आणि इतिहास वेगळे काढता येत नाहीत, म्हणजे काढता येतात पण मग तुम्ही फक्त महागडी बिअर पिऊन घरी याल.

आधी नाव. स्पेलिंगमध्ये डब्ल्यू असला तरी ग्रीनविच म्हणू नका, ग्रेनिच म्हणा, खरं तर नुसतं 'व्हिलेज' म्हटलं तरी इथं सगळ्यांना कळतं. आणि खाली जो मोठा रस्ता लागतो तो ह्यूस्टन नाही, हाऊस्टन. टेक्सासचं शहर वेगळं, हा रस्ता वेगळा. एवढं नीट म्हणालात तर कुणी तुम्हाला टुरिस्ट समजणार नाही (कॅमेरा गळ्यात नसेल तर).

घरातून निघताना

पासपोर्ट घ्या. ओरिजिनल. फोनमधला फोटो नाही, झेरॉक्स नाही, डिजिलॉकर तर नाहीच नाही. इथं दारू प्यायचं वय २१ आहे आणि तुम्ही पस्तिशीचे दिसत असलात तरी दारावरचा माणूस आयडी मागणार. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पासपोर्ट हरवेल म्हणून झेरॉक्स घेऊन गेलो होतो. तीन वेळा त्याच ब्लॉकला चकरा मारल्या, समोरच्या दुकानातून एक पिझ्झाचा तुकडा खाल्ला, शेवटी धीर करून दारापाशी गेलो, आणि बाउन्सरनं तो कागद बघून अगदी प्रेमानं घरी पाठवलं. एवढी हिंमत गोळा केलेली ती वाया. पुढं दोन महिने परत गेलो नाही. न्यू जर्सीचा स्टेट आयडी किंवा लायसन्स काढलं की पासपोर्ट घरी ठेवता येतो, ते काम पहिल्याच महिन्यात उरकून टाका.

एक-एक डॉलरच्या नोटा घ्या, वीस-पंचवीस तरी. ड्रॅग शो (बायकांच्या वेशात नटून केलेला नाच-गाण्याचा शो) असला तर परफॉर्मरला नोट द्यायची असते, पियानोवाल्याच्या बरणीत टाकायची असते आणि बारटेंडरला प्रत्येक ड्रिंकमागे निदान एक, कॉकटेल असेल तर दोन. कार्डनं बिल दिलं तर वीस टक्के धरा. हे ऐच्छिक आहे असं कागदावर म्हणतात पण ऐच्छिक नाहीये, बारटेंडरचा पगार त्यावरच चालतो. टिप न देणारा म्हणून एकदा चेहरा लक्षात राहिला की तुमचा नंबर रांगेत कायम मागं.

जर्सीहून येणाऱ्यांनी पाथ (नदीखालून मॅनहॅटनला जाणारी ट्रेन) पकडा आणि क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरा. १९०८ सालचं स्टेशन आहे, जिना एवढा अरुंद आणि वळणावळणाचा की वर येईपर्यंत आपण खाणीतून बाहेर आलो असं वाटतं. मॅनहॅटनमधून येत असाल तर १ नंबरची सबवे थेट स्टोनवॉलच्या जवळ सोडते, नाहीतर वेस्ट फोर्थ स्ट्रीटला उतरून पाच-सात मिनिटं चाला. मॅप उघडा ठेवा. बाकी मॅनहॅटनमध्ये रस्ते चौकटीत आहेत, इथं नाहीत, कारण हे गाव त्या चौकटीच्या आधीचं आहे. इथं वेस्ट फोर्थ स्ट्रीट जाऊन वेस्ट टेन्थला छेदतो, मग इलेव्हन्थला, मग ट्वेल्फ्थला. मी दोन वर्षं राहून पण चुकतो.

अंधार पडायच्या आत पोचा

हा माझा हट्ट आहे. बार रात्रीचे असले तरी भाग दिवसाउजेडी एकदा बघून घ्या, कारण मग रात्री कुठल्या दारात शिरायचं ते कळतं आणि धडधड कमी होते.

आणि एक काम करा. प्रत्येक बारपाशी आधी खिडकी बघा. आत काय दिसतं? माणसं दिसतात, दिवे दिसतात, कुणी कुणाच्या गळ्यात हात टाकलेला दिसतो. आपल्याकडच्या परमिट रूमच्या काळ्या काचा आठवा, आत अंधार आणि बाहेरच्याला काही दिसू नये अशी सोय. १९६० च्या दशकात इथले गे बार तसेच होते, किंबहुना त्याहून वाईट, खिडक्यांना आतून प्लायवूड ठोकलेलं. त्या काळ्या खिडकीची ही मोठी काच कशी झाली, तेच समजून घ्यायला हा सगळा फेरफटका.

घरं बघा, सगळी बुटकी, विटांची, तीन-चार मजली. १९६९ च्या एप्रिलमध्ये शहरानं हा सगळा भाग ऐतिहासिक जिल्हा म्हणून जाहीर केला, तेव्हापासून दर्शनी भागाला हात लावायचा तरी परवानगी लागते. दोनच महिन्यांनी याच भागात स्टोनवॉलची दंगल झाली. शहराला तेव्हा जपायच्या होत्या विटा, माणसांचा विचार नव्हता.

सुरुवात मॅकडूगल स्ट्रीटवरून

बहुतेक लोक थेट स्टोनवॉलला जातात. तुम्ही वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बाजूनं या आणि १२९ मॅकडूगल स्ट्रीटसमोर दोन मिनिटं थांबा. आज तिथं बसून कॉफी-पास्ता खाता येतो. १९२५ मध्ये इथं ईव्ह ॲडम्स नावाच्या बाईनं टी-रूम काढलं होतं. पोलंडमधून आलेली ज्यू बाई, बायकांवर प्रेम करणारी, आणि ते लपवायची नाही. तेव्हा दारूबंदी होती (१९२० ते १९३३), त्यामुळे चहाच्या नावाखाली लोक जमायचे, कविता वाचायचे, आणि भाडी स्वस्त म्हणून हा भाग चित्रकार-लेखक-बंडखोर लोकांनी भरलेला होता, त्यात आपली, म्हणजे समलिंगी माणसंही मिसळून जायची. १९२६ मध्ये साध्या वेशातली पोलीस बाई गिऱ्हाईक बनून आली, धाड पडली, ईव्हनं लेस्बियन नात्यांवर लिहिलेलं छोटं पुस्तक अश्लील ठरवलं, तुरुंग झाला आणि १९२७ मध्ये तिला देशाबाहेर काढलं. पुढं ती फ्रान्समध्ये राहिली, नाझींनी पकडलं आणि १९४३ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत पाठवलं. परत आली नाही.

हे मी मुद्दाम सांगतो कारण आपण सगळे व्हिसावर आलेली माणसं. या देशाच्या इमिग्रेशन कायद्यात समलिंगी माणसाला येऊ न देण्याची तरतूद १९९० पर्यंत होती. एचआयव्ही असलेल्यांवरची बंदी तर २०१० च्या जानेवारीत उठली. आज तुम्ही गे बारमध्ये गेलात म्हणून व्हिसाला काही होत नाही, निश्चिंत राहा. व्हिसाला कशानं होऊ शकतं ते खाली सांगतो.

ज्युलियस : इथं बर्गर खा

वेस्ट टेन्थ आणि वेव्हर्ली प्लेसच्या कोपऱ्यावर ज्युलियस. सगळ्यात आधी इथं जा असं मी प्रत्येकाला सांगतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी यापेक्षा सोपी जागा नाही, जुना लाकडी बार, बॅरलची टेबलं, बर्गर मिळतो, संध्याकाळी पाच-सहाला गेलात तर पन्नाशी-साठीचे काका लोक बसलेले असतात, त्यातला एखादा आपणहून बोलायला लागतो आणि तासभर सोडत नाही. ऐका. त्यांनी बरंच काही स्वतः पाहिलंय.

आता इथली गोष्ट. दारूबंदी उठल्यावर १९३४ मध्ये राज्यात लिकर अथॉरिटी आली. नियम असा की बारमध्ये बेशिस्त चालता कामा नये, नाहीतर लायसन्स जाणार. ऐकायला ठीक वाटतं ना? पण अर्थ असा लावला गेला की समलिंगी माणूस नुसता बसलेला असला, तरी तीच बेशिस्त. भांडण नको, नाच नको, नुसतं असणं पुरे. त्यात साध्या वेशातले पोलीस बारमध्ये बसायचे, स्वतःच गोड बोलायचे आणि समोरचा भुलला की बेड्या. त्यामुळे कुठलाही सरळमार्गी मालक गे गिऱ्हाइकाला दारू द्यायला घाबरायचा.

२१ एप्रिल १९६६ ला मॅटाशीन सोसायटी नावाच्या, समलिंगींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या तीन पोरांनी, डिक लाइच, क्रेग रॉडवेल आणि जॉन टिमन्स, ठरवलं की सूट-टाय घालायचा, बरोबर पत्रकार घ्यायचे, एकेका बारमध्ये जायचं, आम्ही समलिंगी आहोत असं सरळ सांगायचं आणि दारू मागायची. नाकारली की केस करायची. गंमत म्हणजे पहिली जागा त्यांच्या येण्याची कुणकुण लागल्यावर बंदच झाली आणि पुढच्या दोन ठिकाणी मॅनेजरनं हसून दारू दिली! नाकारायला कुणी तयार नाही म्हणून यांचीच पंचाईत. मग ज्युलियसला आले, आणखी एक सोबती जोडला गेला होता. ज्युलियसमध्ये काहीच दिवस आधी पोलीस येऊन गेले होते त्यामुळे इथं नक्की नकार मिळणार हे त्यांना माहीत होतं. बारटेंडरनं ग्लास पुढं ठेवला होता, यांनी सांगितल्याबरोबर त्यानं ग्लासावर हात ठेवला. तो क्षण फोटोग्राफर फ्रेड मॅकडॅरानं टिपला, बघा शोधून, एका हाताच्या पंज्यात सगळा कायदा दिसतो. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत कोर्टाचे निकाल येत गेले की नुसतं असणं म्हणजे बेशिस्त होत नाही.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये शहरानं ज्युलियसला लँडमार्क केलं. बर्गर मीडियम सांगा.

स्टोनवॉल : काय अपेक्षा ठेवायची आणि काय नाही

ज्युलियसपासून चालत दोन मिनिटं. ५३ क्रिस्टोफर स्ट्रीट. समोर छोटी त्रिकोणी बाग आहे, क्रिस्टोफर पार्क, आधी तिथं बसा. चार पांढरे पुतळे आहेत, दोन पुरुष उभे, दोन बायका बाकावर. जॉर्ज सीगलनं १९८० मध्ये केले पण इथल्या लोकांच्या विरोधामुळे बसवायला १९९२ उजाडलं. त्याच बागेत जनरल शेरिडनचा पण पुतळा आहे आणि शेजारचा चौक शेरिडन स्क्वेअर, पण बाग क्रिस्टोफर पार्क, त्यामुळे लोक भेटायचं ठिकाण सांगताना हमखास चुकतात. माझी आई आली होती तेव्हा तिला इथं आणलं, पाय दुखतात म्हणून ती सरळ त्या पांढऱ्या बायकांशेजारी जाऊन टेकली आणि मला म्हणाली, कोण रे या, मैत्रिणी का? मी हो म्हटलं. मग थोडा वेळ बघून म्हणाली, छान बसल्यात. तेवढंच. फोटो आहे माझ्याकडे.

आता बार. पहिली गोष्ट, हा जुना बार जसाच्या तसा नाहीये. १९६९ चं स्टोनवॉल ५१ आणि ५३ अशा दोन्ही इमारतींत होतं, मुळात त्या घोड्यांच्या पागा. दंगलीनंतर काही महिन्यांतच ते बंद पडलं. मग तिथं बेगलचं दुकान आलं, चायनीज हॉटेल आलं, काय काय आलं. आत्ताचा बार ५३ मध्ये आहे, आणि ५१ मध्ये जून २०२४ पासून व्हिजिटर सेंटर आहे, ते दिवसा उघडं असतं, फुकट आहे, आधी ते बघा. त्यामुळे काउंटरला हात लावून डोळ्यात पाणी वगैरे आणू नका, काउंटर नंतरचं आहे. रस्त्यावर आणा हवं तर. रस्ता तोच आहे.

सरळमार्गी मालक घाबरत होते हे वर सांगितलं. मग गे बार चालवणार कोण? ज्याला लायसन्सची फिकीरच नाही तो. म्हणजे माफिया. जेनोव्हीज टोळीच्या माणसांनी इथलं जळकं हॉटेल घेतलं, आतून काळा रंग मारला, खिडक्या ठोकून बंद केल्या आणि १९६७ मध्ये दारूचं लायसन्स न काढता 'प्रायव्हेट क्लब' म्हणून चालू केलं. दाराला भोक, त्यातून बघून आत घ्यायचे. वहीत सही करायला लागायची, खरं नाव कोण लिहिणार, लोक काहीबाही नावं लिहायचे. वीकेंडला तीन डॉलर द्यायचे, त्यात दोन ड्रिंकची कुपनं. बारच्या मागं नळ नव्हता, ग्लास पाण्याच्या टबात बुचकळून पुढच्याला द्यायचे. आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरं दार नाही. दारू पाणी घातलेली आणि महाग. पोलीस ठाण्याला नियमित हप्ता. एवढं सगळं असूनही लोक का यायचे, तर इथं नाचता यायचं. दोन पुरुषांनी एकमेकांना धरून नाचायला शहरात दुसरी फारशी जागाच नव्हती. पोलीस आले की पांढरे दिवे लागायचे, सगळ्यांनी झटकन लांब व्हायचं.

२८ जून १९६९, शनिवार पहाटे एक वाजून वीस मिनिटं. हप्ता ज्या ठाण्याला जायचा ते या धाडीच्या मागं नव्हतंच, पथक वरच्या शाखेचं होतं, सेमूर पाइन नावाचा अधिकारी, त्यामुळे बारवाल्यांना आधी खबर आली नाही. आत दोनशेच्या आसपास लोक. एरवी लोक आयडी दाखवून खाली मान घालून निघून जायचे, त्या रात्री बाहेर पडलेले लोक गेलेच नाहीत, समोर उभे राहिले, गर्दी वाढत गेली, आधी चिल्लर भिरकावली, मग बाटल्या, मग विटा, शेवटी पोलीसच आत जाऊन दार लावून बसले आणि बाहेरच्यांनी पार्किंग मीटर उपटून त्यानं दार ठोकायला सुरुवात केली. थोडाथोडा खंड पडत हे ३ जुलैपर्यंत चाललं. आणि हो, पहिली वीट मार्शा जॉन्सन या काळ्या ट्रान्स कार्यकर्तीनं फेकली असं मीम फिरतं दर जूनमध्ये, तिनं स्वतःच सांगितलंय की ती पोचली तेव्हा दंगल आधीच पेटलेली होती. तिचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. तिनं आणि तिची मैत्रीण सिल्व्हिया रिव्हेरानं पुढं रस्त्यावरच्या ट्रान्स पोरांसाठी जे केलं ते विटेपेक्षा मोठं आहे. इथं क्रिस्टोफर आणि हडसनच्या बाजूला सिल्व्हियाच्या नावाची पाटी आहे, जाताना बघा.

२०१६ मध्ये ओबामांनी हा परिसर राष्ट्रीय स्मारक केला. २०१९ मध्ये पोलीस कमिशनरनं त्या धाडीबद्दल माफी मागितली, पन्नास वर्षांनी. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारनं स्मारकाच्या वेबसाइटवरून 'ट्रान्सजेंडर' शब्द काढून टाकला, लोक याच बागेत जमून ओरडले.

आत काय? खाली बार, पूल टेबल, टुरिस्ट. वर शो असतात, कधी तिकीट असतं. शुक्रवार-शनिवारी गर्दी, मंगळवार-बुधवारी निवांत. एक ड्रिंक घ्या, बघा, पुढं चला.

एक गल्ली, जिच्याबद्दल कमी लोक सांगतात

स्टोनवॉलनंतर सगळं बदललं असं समजू नका. मार्च १९७० मध्ये त्याच पाइनच्या पथकानं वेस्ट टेन्थवरच्या स्नेक पिट नावाच्या तळघरातल्या बारवर धाड घालून १६७ लोकांना उचललं. त्यात एक अर्जेंटिनाचा तरुण होता, व्हिसाचं काय होईल, हाकलून देतील या भीतीनं त्यानं ठाण्याच्या खिडकीतून उडी मारली आणि खाली लोखंडी कुंपणाच्या टोकांवर पडला. वाचला. कुंपण कापून त्याच्यासकट हॉस्पिटलला न्यावं लागलं. केसेस पुढं टिकल्या नाहीत. त्याच संध्याकाळी शेकडो लोक मोर्चानं ठाण्यावर गेले, आणि तीनच महिन्यांनी, २८ जून १९७० ला, पहिला मोर्चा इथून निघून सेंट्रल पार्कपर्यंत गेला. आज आपण ज्याला प्राइड म्हणतो ते हे. तारीख लक्षात ठेवायची तर जूनचा शेवटचा रविवार, पण पहिल्याच भेटीला त्या दिवशी येऊ नका, हातभर हलता येत नाही आणि बाथरूमला तासभर रांग.

बाथरूमवरून आठवलं. १९५०-६० च्या दशकात आठव्या ॲव्हेन्यूवर सी कॉलनी नावाचा लेस्बियन बार होता, तोही माफियाचाच. तिथं बायकांना एकेकटीनंच बाथरूमला सोडायचे, दोघी आत गेल्या तर काही करतील म्हणून, आणि रांगेवर एक बाई नेमलेली, ती प्रत्येकीला मोजून टॉयलेट पेपर द्यायची. पैसे देऊन हा अपमान.

मग रात्री कुठं जायचं

गाता येत असेल किंवा येत नसेल, मरीज क्रायसिसला जा. ५९ ग्रोव्ह स्ट्रीट, तळघर. मधे पियानो, भोवती लोक, सगळे मिळून ब्रॉडवेची गाणी म्हणतात, गाणी माहीत नसली तरी दोन तासांत एक-दोन पाठ होतात. आपल्याकडं अंताक्षरीत जो कोरस लागतो तसा. नावातला क्रायसिस म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला लेखक थॉमस पेन याच्या पत्रकांचं नाव, तो १८०९ मध्ये याच जागेवरच्या घरात वारला, बाहेर पाटी आहे. कॅश ठेवा. आत मोबाइलवर व्हिडिओ काढत बसू नका, लोक वैतागतात.

नाचायचं असेल तर जवळच मॉन्स्टर, वर पियानो आणि खाली डान्स फ्लोअर, वीकेंडला लॅटिनो लोकांची चांगली गर्दी. शांत बसायचं असेल तर टाइज, १९७२ पासून क्रिस्टोफर स्ट्रीटवर आहे, शेजारच्या घरात बसल्यासारखं.

मुलींसाठी, आणि मुलांनो तुम्ही पण वाचा: कबीहोल वेस्ट ट्वेल्फ्थवर, छताला इतक्या वस्तू टांगलेल्या की वर बघत बघत दारू संपते, आणि हेन्रिएटा हडसन हडसन स्ट्रीटवर, १९९१ पासून. अख्ख्या देशात लेस्बियन बार बोटांवर मोजण्याएवढे राहिलेत, त्यातले दोन इथं चालत जायच्या अंतरावर. पुरुषांना मनाई नाही, पण पाहुणे म्हणून जा. मैत्रिणीबरोबर गेलात तर उत्तम. अर्धं टेबल अडवून मोठ्यानं क्रिकेट बोलायचं असेल तर नका जाऊ.

प्यायची इच्छा नाही? वेस्ट थर्टीन्थवर एलजीबीटी सेंटर आहे, जुनी शाळेची इमारत, १९८३ पासून. ग्रुप, समुपदेशन, लायब्ररी, कॉफी, सगळं आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या बाथरूमच्या भिंतींवर कीथ हॅरिंगनं १९८९ मध्ये काढलेलं चित्र आहे, ते मोठ्यांसाठीच आहे एवढं सांगून ठेवतो. एड्सच्या औषधांसाठी लढणारी ॲक्ट अप संघटना १९८७ मध्ये इथंच जन्मली. तिथून दोन मिनिटांवर पांढऱ्या त्रिकोणी छताचं एड्स स्मारक, समोर सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटल होतं, १९८४ पासून तिथं एड्सचा वॉर्ड. २०१० मध्ये हॉस्पिटल बंद झालं, आता महागडे फ्लॅट. व्हिलेजमधले निम्मे बार का गेले असं ज्युलियसमधल्या काकांना विचारलंत तर ते आधी या हॉस्पिटलकडं बोट दाखवतील, मग भाड्याकडं, मग तुमच्या हातातल्या फोनमधल्या डेटिंग ॲपकडं.

आत गेल्यावर

अनोळखी लोकांचे फोटो काढू नका. आपल्या मित्रांचे काढले तरी विचारल्याशिवाय टाकू नका, टॅग तर अजिबात नको. तुमच्या ग्रुपमधल्या एखाद्याच्या घरी सांगली-साताऱ्यात माहीत नसेल आणि काकूंच्या फेसबुकवर रेनबो झेंड्याखाली त्याचं तोंड झळकलं तर तुम्ही जन्माचं पाप घेतलंत. स्वतःसाठी पण आधी ठरवा, लोकेशन बंद करायचं का.

कुणी ड्रिंक पाठवलं तर थँक्यू म्हणून घ्या, बाकी काही देणं लागत नाही. नको असेल तर नो थँक्स, हसून. आपल्याला नाही म्हणायची सवय नसते, मग आपण फोन आल्याचं नाटक करतो, त्याची गरज नाही. तुमचा ग्लास तुमच्या हातात. आणि स्ट्रेट मित्र बरोबर असेल तर त्याला आधीच सांगा की कुणी बघितलं म्हणजे लगेच प्रपोज केलं असं होत नसतं.

व्हिसावाल्यांनी दोन गोष्टी. ग्लास किंवा उघडी बाटली घेऊन रस्त्यावर येऊ नका, दंडाचा कागद हातात पडतो. आणि न्यूयॉर्कात गांजा दुकानात मिळतो म्हणून हुरळून जाऊ नका, राज्याचा कायदा वेगळा, इमिग्रेशन फेडरल कायद्यावर चालतं. कुणी पुढं केलं तर पास.

परत जाताना

बार पहाटे चारपर्यंत उघडे राहू शकतात. क्रिस्टोफर स्ट्रीट सरळ पश्चिमेला चालत गेलात तर नदी लागते, तिथं पियर ४५ हा जुना धक्का, आता छान बाग आहे, पण आधी घरातून हाकललेली काळी आणि लॅटिनो पोरं इथं राहायची, नाचायची. रात्री उशिरा बागेचं गेट बंद होतं त्यामुळे सूर्यास्ताला जा, पलीकडं जर्सी सिटीचे दिवे दिसतात, आपल्याच खिडक्या. पाथ रात्रभर चालते पण गाड्या खूप अंतरानं येतात आणि कधी हबोकनला वळसा घालतात, कधी कामासाठी स्टेशन बंद असतं, म्हणून पायऱ्या उतरायच्या आधी ॲप बघा. दोघांनी-तिघांनी मिळून या, निदान घरी पोचल्यावर कुणाला तरी मेसेज टाका.

आणि थंडीत कोट काढून खुर्चीवर टाकला असेल तर निघताना खिसा चाचपा. पासपोर्ट.